खांबावरची डबी आणि शुक्रवारचा धूर

मी भूतबीत मानत नाही. हे पहिलंच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी पुसायला नको. देवळात जातो, भजनाला बसतो, झांज वाजवतो. पण मेलेलं माणूस परत येतं असं कुणी बोलायला लागलं की मी उठून घरी जातो. माझा बाप गेला, आई गेली, थोरला भाऊ गेला. कुणी आलं नाही. यायचंच असतं तर भाऊ आला असता... माझ्याशी भांडण अर्धं राहिलं होतं त्याचं.

मी कुंभकोणमचा. राजांच्या वेळेला जी मराठी माणसं तंजावराकडं आली त्यांतले आम्ही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी तुम्हाला जुनाट वाटेल. मुलगी गीता पुण्यात दिली आहे, तिला तिथं सगळे आधी हसायचे. हसायचं तर हसा. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. ही अक्षरं शिकलों ती गोविंदपुरमला, विठ्ठलाच्या देवळात, भजनाचं पुस्तक हातात धरून. गीता हे तुमचं सदर वाचते. तीच म्हणाली, "अप्पा, लिहा. मनात ठेवून काय करणार?" मी कागदावर लिहितो, ती टाइप करणार. तिला सांगितलंय — अक्षरं सुधार, बोलणं सुधारू नकोस.

धंदा म्हणाल तर पितळी भांड्यांना पॉलिश करायचा. जन्मभर तेच केलं. ॲसिडच्या वाफेत बसून बसून नाक गेलं. कॉफी उकळते की दूध करपतं, मला कळत नाही. बायको होती तोवर तिच्या नाकावर आमच्या घराचं चालायचं. आता तीही नाही.

बायकोचं नाव अंबुजा. पोटात गाठ झाली. तंजावरला नेलं, औषधं झाली, सुया झाल्या, पुन्हा औषधं झाली. शेवटी घरी आणलं आणि घरीच गेली. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

आता घर सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला दिसणार नाही. आमचं घर कुंभेश्वराच्या देवळाजवळच्या एका गल्लीत. अरुंद आणि लांब. पुढं बसायचा ओटा, आम्ही तिण्णै म्हणतो. मग दोन खोल्या एकामागं एक, मग सैपाकघर, मग मागची ओसरी, आणि ओसरीपुढं परस. परसात विहीर, कपड्यांचा दगड, एक लिंबाचं झाड. परसाच्या भिंतीपलीकडं बोळ, आणि बोळात भिंतीला लागूनच लाइटचा खांब.

त्या खांबावर डबी लावली होती. अंबुजा आजारी असतानाच लावली. गाव स्मार्ट करायचंय, म्हणून ट्रायलला बोळाबोळांतून डब्या लावत फिरत होते. पांढरी, पोळीच्या डब्याएवढी. हवा बघते म्हणे. धूर किती, धूळ किती, ओल किती, सगळं बघते आणि आपोआप कंपनीच्या ऑफिसात कळवते. अंबुजा ओसरीवर पडून होती. डबीकडं बघून ती म्हणाली,

"बरं झालं. आता तुम्ही विहिरीमागं जाऊन विडी ओढली तर गावाला कळणार."

"मी कधी ओढतो?"

"माझं नाक अजून आहे," ती म्हणाली.

ती गेल्यावर काही महिने मला त्या डबीचं स्मरणही नव्हतं. मला कशाचंच स्मरण नव्हतं. मेसमधून डबा यायचा, खायचं, तिण्णैवर बसायचं. महिन्याला वाध्यार यायचे — भटजींना इकडं वाध्यार म्हणतात — आणि मासिक श्राद्ध करून जायचे. मी मानत नाही, पण अंबुजा मानायची. तिचं तिच्या पद्धतीनं व्हायला हवं.

मग एका दिवशी एक पोरगी आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, पाठीला बॅग, लांब वेणी. नाव कयल. तिरुविडैमरुदूरची, बसनं रोज येते-जाते. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं, मी मराठीत लिहितो. तिकडं आजोबाला ताता म्हणतात.

"ताता, तुम्ही मागं काय जाळता?"

"कोण तू?"

"बॉक्सचं काम माझ्याकडं आहे. तुमच्या परसातून धूर येतोय असं दिसतं. पाला जाळता का? प्लॅस्टिक?"

"मला जाळायचं होतं ते कावेरीकाठी जाळून आलों. आता घरात जाळण्यासारखं काही नाही."

पोरगी चांगली होती, तिला लागलं. पण शेजारच्या पंकजम मामी भिंतीवरून डोकं काढून तयारच होत्या.

"अगं, तो म्हातारा चूल पेटवत नाही! डब्यावर जगतो. काय जाळणार, स्वतःची मिशी?"

"मामी, धूर तुमच्याकडचा असेल," मी म्हटलं.

"माझ्याकडचा? मला दमा आहे दमा! देवापुढं उदबत्ती लावत नाही मी. देवानं माफ केलंय, तुम्ही कोण?"

कयलनं परस बघितलं. राख नाही, काळं काही नाही. तिनं फोनवर मला एक रेघ दाखवली. रेघ सपाट जाते, मध्येच उंचवटा, पुन्हा सपाट, बऱ्याच लांब गेल्यावर पुन्हा उंचवटा.

"हे बघा. दर शुक्रवारी. सकाळीच. बाकीच्या दिवशी काही नाही."

मी म्हटलं, डबी खराब आहे. ती म्हणाली, असेल. मग तिण्णैवर बसून पाणी प्यायली आणि मला डबीचं पोट समजावून सांगितलं. आत मसुरीच्या डाळीएवढा एक तुकडा असतो. त्यावर इतक्या बारीक तारा असतात की...

"तुमच्या डोक्यावरचा एक केस, ताता, त्या तारेपुढं नारळाचं झाड."

"माझ्या डोक्यावर केस कुठं दिसला तुला?"

ती हसली. "बरं, माझ्या डोक्यावरचा. त्या तारेवर धुराचा एवढासा कण येऊन बसला की तिच्यातली वीज बदलते. लगेच कळतं. माणसाच्या नाकाला कळत नाही तेही तिला कळतं."

"माझ्या नाकापेक्षा तर तो खांबही बरा," मी म्हटलं. मग तिला नाकाचं सांगितलं.

तिनं डबी बदलली. जुनी ऑफिसात नेऊन तपासली, तिच्यात दोष नव्हता. नव्या डबीनं पुढच्या शुक्रवारी तोच उंचवटा दाखवला. मग कयल स्वतः शुक्रवारी सकाळी आली. बरोबर हातात धरायचं एक मशीन आणलं, टॉर्चसारखं.

आम्ही दोघं मागच्या ओसरीवर बसलों. ऊन लिंबाच्या झाडात आलं होतं. मामींचा मिक्सर चालू होता, मग बंद झाला. कावळा विहिरीच्या काठावर बसून होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. गार वाटलं नाही, दार वाजलं नाही, सावली दिसली नाही. मी मेसमधून आलेली कॉफी पीत होतों. कयल फोनकडं बघत म्हणाली,

"सुरू झालं."

मी परस बघितलं. काही नाही. धूर नाही.

"तुला वास येतो का कसला?"

तिनं खोल श्वास घेतला. "विहिरीतल्या शेवाळाचा. साबणाचा. बस्स. धुराचा नाही, ताता."

ती मशीन घेऊन उठली. विहिरीपाशी गेली, आकडा कमी. भिंतीपाशी, कमी. मामींच्या बाजूला, आणखी कमी. परत ओसरीकडं आली तसा चढायला लागला. ओसरीच्या कोपऱ्यात, लाकडी खांबापाशी सगळ्यांत जास्त. तिनं हात वर केला, उतरला. हात खाली नेला, गुडघ्याखाली, तसा चढला. इतका की मशीन पीं-पीं करायला लागलं. ती वाकून उभी होती. तिथं, जरा वर, खांबावर एक काळा गोल डाग आहे. बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. तेलाचा.

"हे काय?" तिनं पुसलं.

"अंबुजा तिथं टेकून बसायची."

"मग तेलाची वाफ असेल," ती म्हणाली. स्वतःलाच म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "पण तेल तर रोजच आहे..."

ती खाली बसली आणि फोनमध्ये शोधत राहिली. बराच वेळ. मग मला म्हणाली, "ताता, एक विचित्र आहे. कचरा जाळला की फक्त धुराची रेघ चढते. इथं धुराच्या आधी ओलीची रेघ चढते. आधी ओल. मग धूर. मग ओल हळूहळू कमी होते, आणि ओल संपली की धूरही संपतो. दर वेळी असंच. काहीतरी ओलं असतं आणि ते... कुणीतरी वाळवतं."

मी कॉफीचा लोटा खाली ठेवला. "पुन्हा सांग," म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं.

आता अंबुजाच्या केसांचं सांगितलं पाहिजे.

आमच्याकडं बायका शुक्रवारी तेल लावून न्हातात. शिकेकाईनं. न्हाऊन झालं की निखाऱ्यावर सांब्राणी टाकायची — तुम्ही ऊद म्हणता — त्यावर वेताची टोपली उलटी ठेवायची, आणि टोपलीवर केस पसरून बसायचं. खालून धूर येतो, केस वाळतात, वास धरतात. अंबुजाचे केस गुडघ्याला टेकायचे. लग्नात मी तिचं तोंड नंतर बघितलं, वेणी आधी बघितली. गल्लीतल्या बायका तिला पुसायच्या, काय लावतेस? ती म्हणायची, काही नाही, आमच्या घरातच आहे. फुशारकी होती तिला, आणि असायला हरकत नव्हती. शुक्रवारी सकाळी ती त्याच कोपऱ्यात, खांबाला टेकून, टोपली मागं ठेवून बसायची. तांदूळ निवडायची, शेंगा सोलायची, मामींशी भिंतीवरून भांडायची. केस वाळेपर्यंत दुपार व्हायची.

औषधांनी ते गेले. सगळे. एका आठवड्यात उशी भरली. गाठीला ती रडली नाही, दुखण्याला रडली नाही, केसांना रडली. मग मला म्हणाली, "टोपली माळ्यावर टाका. केस येऊ देत, मग काढू." डॉक्टर म्हणाले होते, येतात पुन्हा. औषध थांबलं की येतात. औषध थांबलं, पण ती राहिली नाही. तिला मी पदर डोक्यावरून ओढून पाठवलं. आत डोकं उघडं होतं.

हे मी कयलला सांगितलं. एवढं सलग मी कुणाशीच बोललों नव्हतों. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता बोटानं फोनवर मागं मागं जात होती. मग थांबली. तिचं तोंड बदललं.

"काय?" म्हटलं.

"नाही... काही नाही."

"सांग. मला काय होणार आहे आता?"

तिनं फोन माझ्यापुढं धरला. "हा पहिला उंचवटा, ताता. आजी गेल्यानंतर काही महिन्यांनी. बघा, किती आखूड आहे. सुरू झाला नि संपला. मग हा पुढचा. मग हा. दर शुक्रवारी थोडा लांब होतोय. थोडाच. पण एकदाही कमी झालेला नाही. आधी वाळायला वेळ लागत नव्हता. आता लागतो."

मला पाचवीपर्यंतचंच येतं, पण एवढं मला कळलं. पोरीलाही कळलं, कारण तिनं आपली वेणी हातात घट्ट धरली होती.

अंबुजाचे केस वाढत होते.

मामी भिंतीवरून ओरडल्या, "काय, सापडला का चोर?" कयल म्हणाली, "नाही मामी, बॉक्सचंच काहीतरी आहे."

जाताना ती म्हणाली, "ऑफिसात काय सांगू?"

"सांग, म्हातारा जाळतो. सांगून ऐकत नाही."

"खोटं सांगू?"

"मग खरं सांग. बघू कोण ऐकतं."

तिनं काय सांगितलं मला माहीत नाही. पण त्यानंतर दर शुक्रवारी ती फोन करायची. "ताता, आज कालच्यापेक्षा — म्हणजे मागच्यापेक्षा — थोडा जास्त." एवढंच. मी म्हणायचों, बरं. आणि मग मला दिवसभर जेवण जायचं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण वर्षश्राद्ध जवळ आलं.

आमच्यात समज असा की गेलेलं माणूस वर्षभर वाटेत असतं. वर्षाचं श्राद्ध झालं की ते पितरांत मिळतं, मग त्याचं इथं काही उरत नाही. मी हे मानत नव्हतों. मानत नाही. पण आता मला भीती वाटायला लागली. शुक्रवारच्या रेघेवरून कयलनं अंदाज सांगितला होता, केस खांद्यावर आले असतील, फार तर पाठीवर. आणि श्राद्ध झालं की संपलं. म्हणजे ती अर्ध्या केसांनी जाणार. आधी उघड्या डोक्यानं गेली, आता अर्ध्या केसांनी जाणार.

मला एक मार्ग दिसला. आम्ही मराठी माणसं श्राद्धाची तिथी चांद्र महिन्यानं धरतो. इकडचे तमिळ लोक सौर महिन्यानं धरतात. यंदा दोन्हींत चांगला महिन्याचा फरक पडत होता. सौर धरलं तर अंबुजाला आणखी एक महिना मिळत होता. वाध्यार आले तेव्हा मी साधं तोंड करून म्हटलं,

"यंदा आपण सौरानं करू."

वाध्यार माझ्याच वयाचे. पंचांग मिटून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"राव, तुमच्या बापाचं आपण चांद्रानं केलं. आईचं चांद्रानं केलं. भावाचंही. बायकोचं सौरानं? ती तमिळ कधी झाली?"

"इकडंच जन्मली, इकडंच मेली. झाली असेल."

"तुम्हाला काही मानायचं नसतं, तरी माझ्यापुढं बसता ते तिच्यासाठी. आज तिथी हलवायला बघता. काय झालंय?"

मी त्यांना धुराचं सांगितलं नाही. मी म्हटलं, "आणखी एक महिना तिला इथं राहू द्यावं असं वाटतं."

वाध्यार रागावले नाहीत. पाणी प्यायले. मग म्हणाले, "राव, ती बसलेली नाही. वर्षभर चालते आहे. दर महिन्याचा पिंड म्हणजे तिच्या वाटेतली शिदोरी. तुम्ही महिना वाढवला तर तिला महिनाभर जास्त चालावं लागेल. शेवटी तिचे पाय कसे होते आठवतंय ना?"

आठवतंय. सुजलेले. बोट दाबलं तर खड्डा राहायचा.

मी म्हटलं, "ठीक आहे. चांद्रानं."

मानत नाही म्हणता म्हणता माणूस काय काय करतो बघा. केसांसाठी तिथी हलवायला निघालों, पायांसाठी परत जागेवर ठेवली.

श्राद्धाच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. कयलनं फोन केला नाही, स्वतःच आली. रजा घेतली होती. हातात केळीच्या पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा.

"हा कशाला?"

"आजींसाठी. माझी घरची आजी म्हणते, न्हाऊन झाल्यावर केस रिकामे ठेवू नयेत." आणि ती गजरा घेऊन सरळ खांबाकडं निघाली.

"थांब," मी म्हटलं. "ओल्या केसांत माळत नाहीत. वाळू देत."

ती गजरा मांडीवर घेऊन बसली. फोन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला होता. ओलीची रेघ चढली, मागोमाग धुराची. आम्ही बसून राहिलों. भाजीवाली हाक मारून गेली. मामींनी इडल्या आणून दिल्या आणि म्हणाल्या, "ही पोरगी अजून बॉक्सच बघतेय? कंपनी पगार फुकट देते वाटतं." कयलनं इडली खाल्ली. रेघ वरच होती. ऊन लिंबाच्या झाडातून ओसरीवर आलं, ओसरीवरून उतरून विहिरीकडं गेलं. मेसचा डबा आला, मी उघडला नाही. रेघ वरच. कयल एकदा मशीन घेऊन उठली आणि खांबापाशी खाली वाकली, नुसती तपासून परत आली. मान हलवली. चालू आहे.

तिला मी त्या वेळात अंबुजाचं बरंच काही सांगितलं. कशी भांडायची, कशी गायची — बेसूर गायची, भजनात मी मुद्दाम झांज मोठ्यानं वाजवायचों. पोरगी हसत होती. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं घरात काही कार्य आहे.

दुपार कलायला लागली तेव्हा ओलीची रेघ उतरली. सावकाश उतरली. मग धुराची. मग दोन्ही सपाट झाल्या.

"आता?" कयल म्हणाली.

"आता माळ."

तिनं गजरा खांबाला, त्या डागाच्या जरा खाली बांधला. हात जोडले नाहीत, काही नाही. बॅग उचलून म्हणाली, "येते ताता, बस आहे."

गजऱ्याचं काही झालं असं मी सांगेन असं तुम्हाला वाटेल. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुकला. फुलं सुकतात.

श्राद्ध झालं. वाध्यारांनी नीट केलं, मीही मन लावून केलं. गीता आणि जावई आले होते. गीता म्हणाली, घर बंद करा, पुण्याला चला. मी म्हटलं, बघू. पुढच्या शुक्रवारी मी मागच्या ओसरीवर जाऊन बसलों. फोन आला तो दुपारी.

"ताता... आज काही नाही. रेघ सरळ आहे."

"बरं."

"सकाळपासून बघतेय. ओलही नाही. बॉक्स बघायला येऊ का? बिघडला असेल."

"बिघडलेला नाही," मी म्हटलं.

त्यालाही आता बरेच शुक्रवार झाले. पुन्हा उंचवटा आला नाही. मामींनी लिंबाचा पाला जाळला त्या दिवशी डबीनं लगेच सांगितलं, म्हणजे डबी जागी आहे. जावई कंप्यूटरमधला आहे, तो म्हणाला, बारीक सेन्सर असले की कधी कधी नसलेलंही दिसतं, हवेतल्या ओलीनं फसतात. असेल. मग शुक्रवारीच का फसायचे, आणि दर वेळी थोडे जास्त का, आणि श्राद्ध झाल्यावर का थांबले, हे त्याला पुसलं तर तो गीताकडं बघायला लागला. कंपनीतल्या मोठ्या साहेबानं म्हणे बोळातल्या गटारावर ठेवलं. गटार काय शुक्रवारी न्हातं? वाध्यारांना शेवटी मी सगळं सांगितलं. त्यांना यंत्रातलं काही कळेना, मला मंत्रातलं कळत नाही. दोघं कॉफी पिऊन उठलों.

मला स्वतःला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, वास तर येणारच नव्हता. म्हणून मी तिला भूत म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. पण मग ते काय होतं, हे सांगता येत नाही. तुमच्यातल्या कुणाला येत असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. पटेलच असं नाही.

एकच गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. शेवटच्या शुक्रवारच्या आधी केस पाठीपर्यंतच आले होते, रेघेवरून तसंच दिसत होतं. त्या एका दिवसात किती आले? मागच्या आठवड्यात कयल बोळात डबी साफ करायला आली होती. शिडीवर उभी होती. मी परसातून पुसलं,

"पोरी, तुझे केस कुठपर्यंत आहेत?"

"कंबरेपर्यंत. का ताता?"

"न्हाल्यावर वाळायला केवढा वेळ लागतो?"

तिला कळलं मी काय पुसतोय ते. शिडीवरूनच तिनं ओसरीच्या खांबाकडं बघितलं.

"त्या दिवशी लागला तेवढा नाही लागत, ताता," ती म्हणाली. "त्याच्या अर्धासुद्धा नाही."